शोकाला जागा लागते

चामराजपेट ही बेंगळुरूतली जुनी, आखीव पेठ. 1892 साली म्हैसूरचे दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने ती वसवली गेली. सरळ मोठे रस्ते, त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या आणि मधून मधून अजून तग धरून असलेली बैठी घरं. कन्नड साहित्य परिषद इथे आहे. रामनवमीच्या संगीतोत्सवाचं फोर्ट हायस्कूलचं मैदान इथे आहे. उमा टॉकीज आहे, कन्नड चित्रपट कलावंतांच्या संघाची इमारत आहे, आणि टी. आर. मिलची स्मशानभूमीही याच भागात आहे. नटाचं पोस्टर लागतं ती भिंत, त्याच्या नावाची शोकसभा होते तो हॉल आणि माणसाला शेवटचं नेतात ती जागा, हे सगळं एकाच पेठेत. शेजारच्या बसवनगुडीतलं नॅशनल कॉलेजचं मैदान त्यात धरलं, तर गर्दीला उभं राहायला मोकळी जागाही मिळते.

नटाच्या मरणावर चाहते रडतात, रांगा लावतात, कधी दगड मारतात, कधी स्वतःच्या जिवावर उठतात. याला वेड म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि सुशिक्षित मराठी घरांत तेच केलं जातं. ‘दक्षिणेकडचे लोक असेच’ असं एक वाक्य टाकलं की चहा प्यायला मंडळी मोकळी. पण बेंगळुरूच्या गेल्या पस्तीस वर्षांतल्या मोठ्या अंत्ययात्रा एकापुढे एक ठेवून पाहिल्या, तर वेडापेक्षा निराळं काही हाती लागतं. शोकाला जागा लागते, वेळ लागतो आणि हाताला काही काम लागतं. या तिन्ही गोष्टी मिळाल्या तिथे लाखो माणसं निमूट रांगेत उभी राहिली. मिळाल्या नाहीत तिथे बसगाड्या जळाल्या. पुढच्या पानांतल्या लेखांचा विषय हाच आहे.

दक्षिणेचं म्हणायचं तर सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागेल. 23 ऑगस्ट 1926 रोजी मूकपटांचा नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो वयाच्या 31व्या वर्षी गेला. त्याचं अंत्यदर्शन ठेवलं होतं त्या जागेबाहेर लाखभर माणसं लोटली, काचा फुटल्या, घोडेस्वार पोलीस आणावे लागले. चित्रपट बोलूही लागला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. 24 डिसेंबर 1987 रोजी एम. जी. रामचंद्रन गेले, तेव्हा मद्रासेत लूटमार झाली, राज्यभर अनेकांनी जीव दिले. ते मुख्यमंत्री होते हे खरं. पण लोक रडत होते ते पडद्यावरच्या एमजीआरसाठी. त्यांच्या लेखी तो आणि मुख्यमंत्री हे दोन निराळे पुरुष नव्हतेच.

बेंगळुरूचा धडा 12 एप्रिल 2006 चा. बुधवार होता. दुपारी सदाशिवनगरच्या घरी डॉ. राजकुमार हृदयविकाराने गेले. वय 76. गाजनूरचा मुत्तुराज, 1954 च्या ‘बेडर कण्णप्पा’पासून दोनशेहून अधिक चित्रपटांचा नायक; एक तेलुगू अपवाद सोडला तर सगळं काम कन्नडमध्ये. चाहत्यांना ते ‘अभिमानी देवरु’ म्हणत, म्हणजे चाहते हेच देव. चाहते त्यांना ‘अण्णावरु’ म्हणत. 1982 च्या गोकाक आंदोलनाचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. शाळेत कन्नडला पहिलं स्थान मिळावं यासाठीचं ते आंदोलन सीमाभागातल्या मराठी माणसाला निराळ्या बाजूने आठवतं, आणि तसं आठवणं चूकही नाही. पण त्या आंदोलनाने राजकुमार नटापलीकडे गेले, ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय 2006 कळत नाही. 30 जुलै 2000 च्या रात्री चंदनतस्कर वीरप्पनने त्यांना गाजनूरहून उचलून नेलं, तेव्हा 108 दिवस हे शहर श्वास रोखून होतं. त्या वेळी परत आलेला माणूस या वेळी गेला होता.

त्या दुपारी नक्की कुणाचं काय ठरलं होतं, ते रस्त्यावरच्या माणसाला कुणी सांगितलं नाही. पार्थिव घरी दर्शनाला ठेवणार की मैदानात, किती वेळ, अंत्यसंस्कार कधी, कुठे? घरापाशी गर्दी झाली, मग पार्थिव कंठीरव स्टेडियमला हलवलं, तिथेही रांग लागण्याआधीच रेटारेटी सुरू झाली. दर्शन होणार नाही असं कळलेल्या माणसांनी हाती आलं ते फोडलं. दुसऱ्या दिवशी कंठीरव स्टुडिओपर्यंतची अंत्ययात्रा लाठी, अश्रुधूर आणि गोळीबारातून गेली. आठ माणसं मेली. त्यांतला एक पोलीस होता, जमावाने मारलेला. आयटी कंपन्यांनी कुलपं लावली, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत बेंगळुरूच्या जळत्या बसेसचे फोटो झळकले.

नंतर दोन तऱ्हेची स्पष्टीकरणं आली. सरकारी बाजू म्हणाली, समाजकंटक होते. अभ्यासकांनी लिहिलं की काचेच्या इमारतींच्या या शहरात आपल्याला कुणी विचारत नाही असं वाटणाऱ्यांचा तो राग होता, आणि राजकुमार हे त्यांचं शहरातलं शेवटचं हक्काचं माणूस होते. दुसरं म्हणणं अधिक खोल आहे, पण तेही पुरेसं नाही. राग आधीपासून होता, मग तो त्याच दोन दिवसांत का फुटला? कारण शोक करायला आलेल्या माणसाला शोक करू दिला गेला नाही. अंत्यदर्शन हा आपल्याकडे हक्क समजला जातो. घरातलं माणूस गेलं आणि तोंड पाहायला मिळालं नाही, तर आयुष्यभर बोच राहते. राजकुमार तर हजारो घरांतलं माणूस होते.

त्याच्या सोळा वर्षं आधी एक मृत्यू याच्या अगदी उलट तऱ्हेने शहरात मुरला होता. 30 सप्टेंबर 1990 रोजी दावणगेरेजवळ अनगोडु इथे मोटार अपघातात शंकर नाग गेले, वय 35. होन्नावरजवळ जन्मलेला, कोकणी घरातला हा मुलगा मुंबईत मराठी रंगभूमीवर घडला. ‘22 जून 1897’ या चाफेकर बंधूंवरच्या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. पुढे कन्नडमध्ये नट, दिग्दर्शक, नाटकवाला, आणि ‘मालगुडी डेज’मुळे सगळ्या देशाचा. पण बेंगळुरूने त्यांना जपलं ते 1980 च्या ‘ऑटो राजा’साठी. त्यातला नायक रिक्षावाला आहे. शहरातल्या रिक्षांच्या मागे आजही शंकर नाग यांचा चेहरा दिसतो, रिक्षाथांब्यांच्या फलकांवर त्यांचं नाव दिसतं. चामराजपेटेतून मार्केटकडे जाणाऱ्या रिक्षाचा जो चालक 1990 मध्ये जन्मलाही नव्हता, त्याच्याही गाडीवर तो फोटो असू शकतो. इथे स्मारकासाठी जमीन लागली नाही, सरकारी ठराव लागला नाही. रिक्षावाल्यांनी आपल्या गाडीचा पत्रा दिला. पस्तीस वर्षं टिकलेलं असं स्मारक महाराष्ट्रात कुठल्या नटाच्या वाट्याला आलं? दादा कोंडके 1998 मध्ये गेले, लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्ये. दोघांवर प्रेम कमी नव्हतं. पण त्यांचा चेहरा रोज मिरवील असा एखादा धंदा, एखादी जमात त्यांच्यामागे उभी राहिली नाही. लोक टीव्हीवर त्यांचे सिनेमे बघत राहिले, हसत राहिले, आणि तेच त्यांचं श्राद्ध झालं.

जमिनीची गोष्ट विष्णुवर्धन यांच्या वाट्याला आली, आणि ती या संग्रहातली सर्वांत कडवट आहे. 30 डिसेंबर 2009 च्या पहाटे म्हैसूरच्या एका हॉटेलात ते गेले. चाहत्यांचे ‘साहससिंह’, नुसतेच ‘दादा’सुद्धा. पार्थिव नॅशनल कॉलेजच्या मैदानावर दर्शनाला ठेवलं, म्हणजे चामराजपेटेतल्या माणसाला पायी जाता येईल इतक्या जवळ. त्याही दिवशी शहरात दगडफेक झाली. अंत्यसंस्कार केंगेरीकडच्या अभिमान स्टुडिओत झाले. हा स्टुडिओ जुने विनोदी नट टी. एन. बालकृष्ण यांनी सरकारने दिलेल्या जमिनीवर उभारलेला. ते गेल्यावर वारसांकडे आला आणि जमिनीचे वाद सुरू झाले. स्मारक तिथेच हवं असं चाहते म्हणत राहिले, सरकारं बदलत राहिली, जागा सुचवल्या गेल्या आणि बारगळल्या. शेवटी 29 जानेवारी 2023 रोजी म्हैसूरजवळ सरकारी स्मारक उघडलं. पण चाहत्यांच्या लेखी दादा जिथे अग्नीला दिले तीच जागा खरी. ती समाधी 8 ऑगस्ट 2025 च्या सुमारास रातोरात पाडली गेली. म्हणजे मरणानंतर सोळा वर्षांनी चाहत्यांना दुसऱ्यांदा सुतक आलं. त्याच सप्टेंबरात राज्य सरकारने विष्णुवर्धन यांना मरणोत्तर कर्नाटकरत्न जाहीर केलं. सन्मान आला, पण समाधीची जागा गेली.

कोल्हापूरकरांना हे वाचताना जयप्रभा स्टुडिओ आठवल्याशिवाय राहणार नाही. भालजी पेंढारकरांचा तो स्टुडिओ लता मंगेशकरांकडे गेला, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये लताबाई गेल्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या विक्रीची बातमी फुटली. कलावंत उपोषणाला बसले. त्याच आठवड्यांत मुंबईत शिवाजी पार्कवर लताबाईंचं स्मारक व्हावं की नाही यावर राजकीय पक्ष भांडत होते, आणि हृदयनाथ मंगेशकरांना सांगावं लागलं की यात राजकारण आणू नका. जमीन आली की शोकाचं रूपांतर सातबाऱ्यात होतं, हे बेंगळुरूला आणि मुंबई-कोल्हापूरला सारखंच लागू आहे. फरक इतकाच की केंगेरीत जमीन मागणारे साधे चाहते होते. मुंबईत मागणी आमदारांनी केली, चाहत्यांना कुणी विचारलंच नाही.

मग आला 29 ऑक्टोबर 2021. राजकुमारांचा धाकटा मुलगा पुनीत, शहराचा ‘अप्पू’, सकाळी व्यायामानंतर अस्वस्थ झाला आणि दुपारी गेल्याचं जाहीर झालं. वय 46. ज्यांनी 2006 पाहिलं होतं त्यांच्या पोटात गोळा आला. मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या सरकारने मद्यविक्री थांबवली, पार्थिव कंठीरव स्टेडियमवर आणलं आणि दर्शन चालू ठेवलं: रात्रभर, दुसरा दिवस पूर्ण, पुन्हा रात्री. मुलगी अमेरिकेहून यायची होती, म्हणून दफन एक दिवस पुढे ढकललं आणि तसं लोकांना सांगितलंही. 31 तारखेला उजाडण्याच्या सुमारास, रस्ते रिकामे असताना, अंत्ययात्रा कंठीरव स्टुडिओकडे निघाली आणि वडिलांशेजारी पुनीतला मातीआड केलं. लाखो माणसं येऊन गेली. शहर जळलं नाही.

यात पोलिसांचं श्रेय आहे, घरच्यांच्या धीराचं त्याहून जास्त. पण मुख्य गोष्ट अशी की आलेल्या माणसाला रांगेचा शेवट दिसत होता. उशीर झाला तरी तोंड बघायला मिळणार, हे त्याला माहीत होतं. बाराव्या दिवशी घरच्यांनी पॅलेस ग्राउंड्सवर चाहत्यांना जेवण घातलं. सुतकात असलेल्या माणसाला पंगतीला बसवल्यावर त्याचा शोक अधिकृत होतो, त्याचं नातं मान्य होतं. ही रीत कुठल्याही प्रशासकीय नियमावलीत सापडणार नाही. (याच शहरात 4 जून 2025 रोजी क्रिकेटच्या विजयाचा जल्लोष करायला आलेल्या गर्दीत 11 माणसं चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगरून मेली. दुःखाचं नियोजन शिकलेल्या शहराला आनंदाचं जमलं नाही.)

सगळंच शांत झालं असं मात्र नाही. पुनीतच्या मृत्यूनंतर काही चाहत्यांनी आत्महत्या केल्या, काहींना बातमी ऐकून झटका आला. घरच्यांना पुन्हा पुन्हा विनवणी करावी लागली की असं करू नका. जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी माणसांची रीघ लागली. व्यायाम करणारा, हसतमुख, 46 वर्षांचा माणूस जातो तर आपलं काय, ही भीती शोकातच मिसळलेली होती. नंतरच्या वर्षभरात अप्पूचा चेहरा सगळीकडे पोचला. 17 मार्च 2022 ला, त्याच्या वाढदिवशी, त्याचा ‘जेम्स’ हा चित्रपट लागला. त्यात आधी भाऊ शिवराजकुमारचा आवाज होता, मग तंत्रज्ञानाच्या मदतीने पुनीतचाच आवाज परत आणून चित्रपट पुन्हा दाखवला गेला. ऑगस्टमध्ये लालबागचं पुष्पप्रदर्शन बापलेकांच्या नावाने भरलं, फुलांचं गाजनूरचं घर उभं राहिलं. गणेशोत्सवात गणपतीशेजारी अप्पूच्या मूर्ती बसल्या. मेलेल्या नटाला त्याचा आवाज परत मिळवून द्यावा का, हा प्रश्न पुढे एका लेखात सविस्तर आला आहे. इथे इतकंच नोंदवायचं की चित्रपटगृहातल्या कुणी त्याला आक्षेप घेतल्याचं दिसलं नाही. त्यांना तो आवाजच हवा होता.

1 नोव्हेंबर 2022. विधानसौधच्या पायऱ्यांवर पुनीतला मरणोत्तर कर्नाटकरत्न दिलं गेलं आणि पाहुणे म्हणून रजनीकांत आले. पाऊस पडत होता, ते कन्नडमध्ये बोलले. शिवाजीराव गायकवाड हा बेंगळुरूच्या मराठी घरातला मुलगा. चामराजपेटेला लागून असलेल्या गवीपुरम, हनुमंतनगर भागात वाढला, गवीपुरमच्या कन्नड शाळेत शिकला, शहराच्या बसवर कंडक्टर झाला आणि मग मद्रासेला गेला. त्याच्या पूर्वजांचं गाव जेजुरीजवळचं मावडी कडेपठार, असं सांगितलं जातं. घरात मराठी, शाळेत कन्नड, पडद्यावर तमिळ. पुनीत गेला तेव्हा रजनीकांत स्वतः चेन्नईच्या रुग्णालयात होते. बातमी त्यांना दोन दिवसांनी कळवली गेली. बेंगळुरूतली मराठी कुटुंबं, शहाजीराजांच्या जहागिरीपासून इथे मुरलेली आणि नंतर नोकरीधंद्यासाठी आलेली, या शोकात कुठे बसतात याचं उत्तर त्या पायऱ्यांवर होतं. ती कन्नड शोकात पाहुणी नाहीत. पुण्याहून नव्याने आलेल्या अभियंत्याला अप्पू कोण हे ऑफिस बंद झाल्यावर कळलं असेल. गवीपुरमच्या मराठी आजीला ते सांगावं लागलं नाही.

इतका वेळ चेहऱ्यांची गोष्ट झाली. ज्यांचा चेहराच कुणी पाहिला नाही, त्यांचं काय?

1974 चा ‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा सात मिनिटांचा बोधपट दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला तोंडपाठ आहे. चामराजपेटेतल्या मुलांनाही तो पाठ होता, कारण दूरदर्शन सगळीकडे एकच होतं. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे, मुंबईत जन्मलेल्या. ‘भुवन शोम’मधल्या सुहासिनी मुळे यांच्या आई. चित्रं हलवली भीमसेन यांनी. ‘भुवन शोम’मध्ये आणि ‘शतरंज के खिलाडी’मध्ये जो ॲनिमेशनचा तुकडा आहे तो राम मोहन यांचा, जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्याबरोबर रामायणावरचा पूर्ण लांबीचा चित्रपट करणारेही तेच. भीमसेन 17 एप्रिल 2018 ला गेले, विजयाबाई 19 मे 2019 ला, वयाच्या 98व्या वर्षी, आणि राम मोहन त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला. दीड वर्षात भारतीय ॲनिमेशनची पहिली फळी संपली. कुठेही रांग लागली नाही, कुठलंही दुकान बंद झालं नाही. बोधपटातल्या त्या चिमण्या ज्यांना पाठ होत्या, त्यांतल्या बहुतेकांना कुणी गेलं हेच कळलं नाही.

जपानमध्ये असं होत नाही. 5 एप्रिल 2018 ला इसाओ ताकाहाता गेले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला मे महिन्यात तोक्योतल्या घिब्ली संग्रहालयात सभा भरली आणि हायाओ मियाझाकी बोलताना रडले. 18 जुलै 2019 ला क्योतो ॲनिमेशनच्या स्टुडिओला एकाने आग लावली, 36 जण मेले. ते रंग भरणारे, हालचाली काढणारे लोक होते, नट कुणीच नव्हते. तरीही रस्त्याच्या कडेला फुलांचा ढीग साचला, जगभरच्या चाहत्यांनी पैसे पाठवले. तिथल्या चाहत्याला श्रेयनामावली वाचायची सवय आहे. आपल्याकडे श्रेयनामावली सुरू झाली की दिवे लागतात आणि माणसं चपला शोधतात. शोकासाठी आधी नाव माहीत असावं लागतं, एवढी साधी गोष्ट आपल्या ॲनिमेशनवाल्यांच्या बाबतीत राहून गेली.

हातांना काम हवं, असं आरंभी म्हटलं. राजकुमारांनी नेत्रदानाचा संकल्प केलेला होता, आणि 12 एप्रिल 2006 च्या त्या गोंधळातही त्यांचे डोळे काढून नेले गेले. पुनीतचेही डोळे बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने घेतले. तिथल्या डॉक्टरांनी प्रत्येक बुबुळाच्या पडद्याचे दोन थर वेगळे करून चौघांना बसवले. दोन डोळ्यांत चार माणसं पाहू लागली. त्यानंतरच्या आठवड्यांत कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरणाऱ्यांची रांग लागली. रस्त्यावर उतरलेल्या गर्दीपैकी काहींना घरी जाताना करण्यासारखं एक काम मिळालं होतं.

वाचकांसाठी त्यातली एक गोष्ट इथेच सांगून ठेवायला हवी, कारण पुढच्या लेखांत ती नाही. अर्ज भरला म्हणजे नेत्रदान होत नाही. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात आणि नेत्रपेढीला फोन करण्याचं काम घरच्यांनाच करावं लागतं. तेव्हा आवडत्या नटाच्या आठवणीने अर्ज भरला असेल, तर तो कपाटात न ठेवता घरात चारचौघांना सांगा.